गाणी भाड्याने, विकत की टोरंटवरून?

स्पॉटिफायसारख्या स्ट्रीमिंग ॲपला महिन्याचे पैसे भरले म्हणजे गाणी आपली झाली, असे बऱ्याच जणांना वाटते. टोरंटवरून, म्हणजे अनोळखी लोकांच्या संगणकांवरून थेट, गाणे उतरवले की कुणाला पत्ता लागत नाही, असेही बऱ्याच जणांना वाटते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, म्हणून हा आढावा. ध्वनीचा दर्जा मी तुलनेतून जवळपास वगळला आहे. लोकलच्या गर्दीत, साध्या इअरफोनवर 320 केबीपीएसची, दाबून लहान केलेली एमपीथ्री आणि दर्जा न गमावणारी फ्लॅक या फाइलींतला फरक ज्याला ओळखता येतो त्याला माझा नमस्कार. मी तीन गोष्टी पाहतो: गाणे हातात किती राहते, आपल्यावर नजर कोण ठेवते आणि गाणाऱ्याला काय मिळते.

सोयीत स्ट्रीमिंगच्या जवळपासही कुणी येत नाही, हे आधीच मान्य करून टाकू. स्पॉटिफाय भारतात 2019 मध्ये आले, आणि तेव्हापासून 'गाणे डाउनलोड करणे' याचा अर्थच बदलला. तिथे डाउनलोड केलेले गाणे फोनमध्ये असते खरे, पण कुलूपबंद. दुसऱ्या प्लेअरमध्ये वाजत नाही, पेन ड्राइव्हवर घालून गाडीत लावता येत नाही, आणि 30 दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडले नाही तर फोनवरही बंद पडते. कंपनीने दुकान गुंडाळले तर काय, हा प्रश्न काल्पनिक नाही. गूगल प्ले म्युझिक 2020 मध्ये संपले. रेसो 31 जानेवारी 2024 ला भारतातून गेले, आणि त्याच वर्षी एअरटेलचे विंकही. वर्षानुवर्षे जमवलेली प्लेलिस्ट अशा वेळी फार तर नावांची यादी म्हणून उरते.

विकत घेतलेल्या फाइलचे तसे नाही. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर अल्बम घेतला की एमपीथ्री, फ्लॅक, ऑग, हव्या त्या रूपात उतरवा आणि कुठेही वाजवा. उद्या बँडकॅम्प बंद पडले तरी फाइल तुमच्याकडेच. अडचण निवडीची आहे. स्वतंत्र बँड, नवे प्रयोग करणारे कलाकार तिथे भरपूर सापडतात. जुनी मराठी चित्रपटगीते शोधायला गेलात तर बहुधा हात हलवत परत याल. त्यांच्यासाठी जुना मार्गच बरा: सीडी मिळवायची आणि संगणकावर फाइल करून घ्यायची. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये खासगी वापराला वाव आहे. ती फाइल सोसायटीच्या ग्रुपवर टाकणे मात्र खासगी वापरात बसत नाही.

विकत घेतलेला माल निर्धोकच असतो असेही नाही. 2005 मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीडी विंडोजच्या संगणकात घातल्या की नक्कल रोखण्यासाठी एक लपलेले सॉफ्टवेअर गुपचूप बसत होते. मार्क रसिनोविच या तज्ज्ञाने ते उघडकीस आणले, तेव्हा कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. म्हणजे ज्याने पैसे मोजले त्याचाच संगणक बिघडला, आणि फुकट्याच्या केसालाही धक्का लागला नाही!

आता नजर. स्ट्रीमिंग कंपनीला तुम्ही काय ऐकता, किती वाजता ऐकता, कुठले गाणे अर्ध्यावर सोडता हे सगळे कळते. आपली माहिती कशी वापरली जाते हे ग्राहकांना पुरेसे स्पष्ट सांगितले नाही, म्हणून स्वीडनच्या नियामकाने 2023 मध्ये स्पॉटिफायला 5.8 कोटी क्रोनांचा दंड केला. रात्री दोनला कुणी एकच विरहगीत सातव्यांदा ऐकतो, तेव्हा त्याच्याविषयी बरेच काही नोंदले जाते.

टोरंटवर आपण यापेक्षाही उघडे पडतो, हे मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. बिटटोरंटमध्ये एकच फाइल अनेक जण एकमेकांना तुकड्यातुकड्याने देतात. त्यामुळे त्या घोळक्यात जो कोणी असेल त्याला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिसतो, आणि तिथे हक्कधारकाचा माणूसही बसलेला असू शकतो. शिवाय तुम्ही उतरवता उतरवता वाटतही असता. परवानगीशिवाय जाणूनबुजून वाटलेल्या गाण्यांसाठी कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

पण टोरंट म्हणजे चोरी, हे समीकरणही मला पटत नाही. लिनक्स या संगणक प्रणालीच्या कित्येक आवृत्त्या अधिकृतपणे टोरंटवरून मिळतात, इंटरनेट आर्काइव्हही टोरंट देते. गंमत म्हणजे खुद्द स्पॉटिफाय सुरुवातीची काही वर्षे, 2014 पर्यंत, याच धर्तीचे तंत्र वापरून ग्राहकांच्याच संगणकांवरून एकमेकांना गाणी पोचवत होते.

गाणाऱ्याच्या खिशाचा हिशोब चटकन होतो. टोरंटवरून शून्य. स्पॉटिफायवर 2024 पासून वर्षभरात एक हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधनच नाही, म्हणजे नवख्या मराठी बँडच्या हाती अनेकदा काहीच पडत नाही. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के ठेवते. एखादा कलाकार टिकावा असे मनापासून वाटत असेल तर त्याचा एक अल्बम विकत घ्या, वर्षभर फुकट ऐकून 'लाइक' देत बसू नका.

नाट्यसंगीताच्या शौकिनांसाठी चौथी वाटही आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो, तर शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. 'मानापमान'ची पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, ते 1948 मध्ये गेले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते 1955 मध्ये गेले. त्यामुळे बालगंधर्वांच्या 78 आरपीएम तबकड्यांवरची ही पदे आज भारतात उतरवा, वाटा, कुणाचे देणे लागत नाही. तेच पद अलीकडच्या गायकाने गायलेले असेल तर ते ध्वनिमुद्रण वेगळे आणि त्याचा हक्कही वेगळा. न्यू जर्सीतल्या वाचकांनी मात्र हा हिशोब लावू नये. अमेरिकेत 1923 ते 1946 दरम्यान निघालेल्या ध्वनिमुद्रणांना 100 वर्षांचे संरक्षण आहे.

फाइल हातात आली की वाजवायचे कशावर? इथे माझे झुकते माप उघडच मुक्त सॉफ्टवेअरला, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता येतो त्याला. व्हीएलसी फोनवर आणि संगणकावर चालते, खाते मागत नाही, जाहिरात दाखवत नाही. घरातल्या जुन्या संगणकावर नॅव्हिड्रोम किंवा जेलीफिन हे सॉफ्टवेअर बसवले तर घरापुरते स्वतःचे स्ट्रीमिंगही उभे राहते; त्याला थोडी खटपट लागते. टोरंट लागलेच तर त्यासाठी क्यूबिटटोरंट हे मुक्त ॲप घ्या. म्यूटोरंट या दुसऱ्या टोरंट ॲपबरोबर 2015 मध्ये क्रिप्टोचलन खोदणारे सॉफ्टवेअर लोकांच्या संगणकात शिरले होते, हे विसरू नका. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे साधुसंत नव्हे. 2021 मध्ये ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या नव्या मालकांनी वापराची माहिती गोळा करायचे ठरवले होते. पण बदल सगळ्यांसमोर होता, लोकांनी लगेच आरडाओरडा केला आणि मालकांना मागे फिरावे लागले. बंद ॲपमध्ये असे काही चालले असते तर कळलेही नसते.

तर निवड अशी करा. नवे काय आले ते चाळण्यापुरते स्ट्रीमिंग ठेवा, जमल्यास जाहिरातींसहित फुकटचे. जी शे-दोनशे गाणी उद्या गेली तर जीव हळहळेल, ती फाइल म्हणून मिळवा. आई-बाबांना ॲपचा कंटाळा असेल तर सारेगामाचा कारवाँ हा रेडिओसारखा प्लेअर बरा: आत गाणी भरलेलीच असतात आणि ती वाजायला इंटरनेट लागत नाही. ती गाणी बाहेर काढता येत नाहीत, पण त्याला पेन ड्राइव्ह जोडता येतो, तेव्हा तुमच्या फाइलही त्यावर वाजतील. आणि फाइलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, कारण कंपनी बुडाली नाही तरी डिस्क कधी ना कधी बुडतेच.