होटगी रोडवरचं ब्रेकचं गॅरेज: काम चोख, शेवटी घाई

पुढचे पॅड आणि डिस्क बदलायला हे गॅरेज चांगलं. नुसतं ‘गेलेत साहेब’ म्हणत नाहीत. लायनिंग (पॅडचा घासला जाणारा थर) ३ मिमीवर आलंय का ते मोजून दाखवतात. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजून तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहतात. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून देत नाहीत, हे उत्तम.

खरी पारख हबवर, म्हणजे डिस्क जिथे बसते त्या भागावर होते. धूळ आणि गंज वायर ब्रशने काढल्याशिवाय नवी डिस्क चढवत नाहीत. गंज राहिला तर डिस्क किंचित तिरकी बसते, काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं, आणि शिव्या मात्र डिस्कच्या कंपनीला. पॅड दाबणारा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनला सिलिकॉन ग्रीसही लावतात. पिन अडकली की एकाच बाजूचा पॅड झिजतो.

नव्या जाड पॅडसाठी कॅलिपरचा पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलची टाकी उतू जाऊ शकते, तिकडे इथे दुर्लक्ष होतं. बॉनेटवर सांडलं तर रंग गेलाच. नवे पॅड रुळवायचे, म्हणजे डिस्कशी नीट जुळवून घ्यायचे कसे, तेही सांगत नाहीत. आधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किमीवरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक लावा.