दुबई-शारजात अपघाताची केस झाली तर कुणाला धरायचं: कंपनीचा पीआरओ, कॉन्सुलेट की स्वतःचा वकील?

युएईत गाडी चालवताना अपघात झाला आणि कुणाला लागलं तर पहिला फोन कुणाला करायचा, यावर दहा जणांची दहा मतं असतात. रूममेट म्हणतो कॉन्सुलेटला कळव, सुपरवायझर म्हणतो काही करू नकोस पीआरओ (कंपनीची सरकारी कामं बघणारा माणूस) येतोय, आणि गावाकडून वडील फोनवर म्हणतात आधी चांगला वकील बघ पैशाचं काय ते आपण बघू. माझ्या मामेभावाच्या वेळी आम्ही हे तिन्ही रस्ते चालून बघितले, फक्त क्रम चुकला आणि त्याची किंमत त्याने मोजली. म्हणून आता जो कुणी या ठिकाणी उभा असेल त्याच्यासाठी लिहितोय.

आधी एक गोष्ट. नुसता पत्रा चेपला असेल, कुणाला खरचटलंही नसेल, तर यातलं काहीच लागत नाही. दुबईत पोलिसांच्या अ‍ॅपवरून, शारजात राफिदवाले, अबुधाबीत साएदवाले (किरकोळ अपघात बघणाऱ्या कंपन्या) येऊन कागद देतात. चूक ज्याची त्याला लाल, दुसऱ्याला हिरवा. तो कागद नसेल तर गॅरेजवाला गाडीला हात लावत नाही आणि इन्शुरन्सवाला फाईल उघडत नाही, त्यामुळे रस्त्यात आपापसात पैसे देऊन मिटवायच्या भानगडीत पडू नका. आणि काहीही झालं तरी तिथून निघून जाऊ नका. माणसाला लागलेलं असताना पळालात तर तो वेगळा गुन्हा, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजार ते 1 लाख दिरहम दंड किंवा दोन्ही, मग मूळ अपघातात तुमची चूक नसली तरी हे चिकटतंच.

माणूस जखमी झाला किंवा गेला की मात्र ती फौजदारी केस होते. आपल्याला वाटतं की समोरच्याची तक्रार नाही म्हणजे विषय संपला, तसं नसतं, पोलिसांकडून कागद सरकारी प्रॉसिक्युशनकडे जातात आणि तिथून कोर्टात. बऱ्याचदा जामीन म्हणून पासपोर्ट जमा करून घेतात, तुमचा किंवा हमी देणाऱ्या मित्राचा. पासपोर्ट अडकला की गावी कुणाचं लग्न असो की बारावं, जाता येत नाही. नवीन वाहतूक कायदा 29 मार्च 2025 पासून लागू झालाय, त्यात चुकीने मृत्यू झाला तर कैद आणि किमान 50 हजार दिरहम दंड किंवा यातलं एक, आणि सिग्नल तोडला असेल किंवा दारू प्यायलेले असाल तर किमान 1 वर्ष कैद आणि किमान 1 लाख दिरहम दंड किंवा यातलं एक. त्याशिवाय मृताच्या घरच्यांना दिया, म्हणजे रक्तभरपाई, 2 लाख दिरहम. आपल्या पैशात 45 लाखांच्या वर गेलं.

आता कुणाला धरायचं ते.

कंपनीचा पीआरओ हा सगळ्यात जवळचा माणूस. गाडी कंपनीची असेल तर तो तासाभरात स्टेशनवर हजर होतो, अरबी बोलतो, कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो हे त्याला माहीत असतं, जामिनासाठी पासपोर्ट ठेवायची वेळ आली तर कंपनीतल्याच कुणाचा तरी मिळवून देतो. पहिल्या रात्री त्याच्यासारखा आधार नाही, हे मी मनापासून सांगतो. पण त्याचा पगार कंपनी देते. कंपनीला फाईल लवकर बंद व्हायला हवी असते, गाडी सुटायला हवी असते, आणि ड्रायव्हरने चूक कबूल केली तर हे सगळं पटकन होतं. माझा मामेभाऊ डिलिव्हरी व्हॅन चालवायचा, संध्याकाळच्या वेळी एक माणूस झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या ठिकाणाहून अचानक आडवा आला आणि त्याचा पाय मोडला. स्टेशनात पीआरओ म्हणाला सही कर, थोडा दंड होईल, उद्यापासून कामावर ये. कागद अरबीत. त्याने सही केली. नंतर कळलं की त्यात सगळी चूक माझीच असं होतं, आणि रस्ता चुकीच्या ठिकाणी ओलांडणाऱ्याचीही चूक धरली जाते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नवीन कायद्यात तर असा रस्ता ओलांडल्यामुळे अपघात झाला तर ओलांडणाऱ्यालाच कैद आणि 5 ते 10 हजार दिरहम दंड किंवा यातलं एक, अशी तरतूद आहे. तेव्हा पीआरओला सोबत न्या, त्याच्याशी नीट वागा, पण जबाबावर सही करण्याआधी दुभाषा मागा. तुमचा तो हक्क आहे आणि मागितलात म्हणून कुणी रागावत नाही.

कॉन्सुलेटबद्दल लोकांच्या अपेक्षा दोन टोकांच्या असतात. काहींना वाटतं ते फोन करून सोडवतील, काहींना वाटतं काही उपयोग नाही. दोन्ही चूक. अटक झाली तर आपल्या देशाच्या कचेरीला कळवा असं सांगायचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना करारात आहे, तो वापराच, कारण आत असलेल्या माणसाला भेटायला जाणं, घरच्यांना खरी बातमी देणं, केस कुठल्या टप्प्यावर आहे हे शोधणं, ही कामं ते करतात. दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रात मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, हेल्पलाइन 800 46342, आणि तो सल्ला घेतल्याशिवाय वकिलाला एक दिरहमही देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. अगदीच हलाखीची परिस्थिती असेल तर 2009 पासून चालू असलेला इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे, त्यातून कायदेशीर मदत मिळू शकते, पण ती प्रत्येकाला मिळत नाही, परिस्थिती बघून देतात. जे ते करत नाहीत ते म्हणजे कोर्टात तुमच्या बाजूने उभं राहणं, आणि तुमचा दंड किंवा दिया भरून टाकणं. वेळही लागतो. सही करायची की नाही हा प्रश्न रात्री अकराला पडतो तेव्हा ऑफिस बंद असतं.

राहिला स्वतःचा वकील. इथे गडबड अशी की आपल्याकडचे किंवा केरळचे खूप ‘लीगल कन्सल्टंट’ इथे बसलेत, हिंदीत छान समजावतात, कागदही नीट बनवतात, पण कोर्टात उभं राहायला परवाना असलेला अ‍ॅडव्होकेटच लागतो आणि तो बहुतेक वेळा इमिरातीच असतो. कोर्टाचं कामकाज अरबीत. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, की माझ्या तारखेला उभं कोण राहणार, त्याचं नाव वकीलपत्रावर आहे का. दुसरा प्रश्न फीचा, आणि ती फक्त पहिल्या कोर्टाची की अपिलासकट, कारण बऱ्याच ठिकाणी प्रत्येक टप्प्याची फी वेगळी असते आणि फौजदारी अपिलाला 15 दिवसच मिळतात, तेवढ्यात पैसे उभे करायची धावपळ होते. आम्ही वकील केला तो सही होऊन गेल्यावर. त्याने कॅमेऱ्याचं फुटेज मागवलं, पोलिसांचा नकाशा काढला, खूप प्रयत्न केले, पण कबुली समोर होती. एकदा फौजदारी निकाल कायम झाला की नंतर भरपाईच्या दाव्यात चूक कुणाची हा प्रश्न परत उघडत नाही, हे तेव्हा कळलं.

तर माझा हिशेब असा. किरकोळ जखम असेल, चूक खरोखर तुमची असेल, इन्शुरन्स धड असेल आणि समोरचा लेखी माफी द्यायला तयार असेल, तर पीआरओ आणि सहायता केंद्राचा सल्ला पुरतो, वकिलावर दोन महिन्यांचा पगार घालवू नका, फक्त ती माफी पोलिसांपुढे किंवा प्रॉसिक्युशनपुढे नोंदवा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘इट्स ओके’ ला काही अर्थ नाही. पण कुणी गेलं असेल, कायमचं अपंगत्व येण्यासारखं असेल किंवा चूक कुणाची यावर वाद असेल, तर उसने काढा पण पहिल्या आठवड्यात वकील करा.

यात इन्शुरन्सचा काटा फार महत्त्वाचा. मृताची दिया आणि जखमींची भरपाई साधारणपणे गाडीचा विमाच देतो, पण दारू असेल किंवा लायसन्स वैध नसेल तर विमा कंपनी आधी भरते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. आपली माणसं इथेच अडकतात. व्हिजिट व्हिसावर असताना भारताच्या आंतरराष्ट्रीय परमिटवर भाड्याची गाडी चालवली ते ठीक, पण रेसिडेन्स व्हिसा झाल्यावरही तेच परमिट वापरत राहिले तर कायद्याच्या नजरेत ते बिनलायसन्सचे. अशा केसमध्ये वकील हवाच, आणि तोही विम्यातलं कळणारा.

आणि तुम्ही ड्रायव्हर नसून जखमी असाल, किंवा तुमचं माणूस गेलं असेल, तर गणित उलटं होतं. पीआरओचा विषयच नाही. हॉस्पिटलमध्ये येऊन ‘केस आम्ही लढतो, टक्के घेतो’ म्हणणारे एजंट भेटतील, त्यांना कोरं मुखत्यारपत्र देऊ नका, पैसे कुणाच्या खात्यात येणार हे त्यात लिहिलेलं पाहिजे. दियावर थांबायचं का, हाही निर्णय तुमचाच असतो. जून 2019 मध्ये मस्कतहून दुबईला येणारी बस रशिदियाजवळ उंचीच्या अडथळ्याला धडकली, 17 जण गेले, त्यात 12 भारतीय. खालच्या कोर्टाने ड्रायव्हरला शिक्षेबरोबर मृतांच्या कुटुंबांसाठी 34 लाख दिरहम दिया लावली, म्हणजे माणशी 2 लाख. पण त्याच बसमधल्या गंभीर जखमी झालेल्या एका भारतीय विद्यार्थ्याने वेगळा भरपाईचा दावा लढवला आणि 2023 मध्ये त्याला 50 लाख दिरहम मिळाल्याची बातमी आली. चार वर्षं लागली. तेवढा दम असेल तर फॉरेन्सिक डॉक्टरचा अपंगत्वाच्या टक्क्यांचा रिपोर्ट, सगळी बिलं, पगाराचे कागद जपून ठेवा, आणि दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत धरतात तेव्हा तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

घरचे गावी असतील तर मुखत्यारपत्र तिथून येणार, त्याला नोटरी, राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि मग युएईच्या कचेरीचा शिक्का लागतो, मुंबईत त्यांचं कॉन्सुलेट आहे, वर अरबी भाषांतर. यात कितीतरी आठवडे जातात, म्हणून वकील नक्की व्हायची वाट न बघता मसुदा आधीच मागवून घ्या.