हार्लेमचा हेरिटेज वॉक आणि दोन शतकांची एक मंडळी

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात अ‍ॅबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चच्या इतिहासाभोवती आखलेला अडीच तासांचा हेरिटेज वॉक मी आणि माझ्या बहिणीने गेल्या ऑक्टोबरमध्ये केला. तिकीट माणशी ३५ डॉलर होते. अशा फेऱ्या या भागात अनेक जण चालवतात, त्यामुळे आयोजकांचे नाव न घेता फेरीत काय मिळाले आणि काय राहून गेले, तेवढेच सांगतो.

सुरुवात १३५व्या रस्त्यावरील शॉम्बर्ग सेंटरपासून झाली, आणि ती निवड मला फार योग्य वाटली. आर्तुरो शॉम्बर्ग हे पोर्तो रिकोहून आलेले गृहस्थ. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची त्यांनी आयुष्यभर जमवलेली पुस्तके आणि कागदपत्रे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने १९२६ साली विकत घेतली. तेथून १३८व्या रस्त्यावर वळल्यावर जमैकाहून आलेल्या मार्कस गार्वी यांच्या, कृष्णवर्णीयांचे ऐक्य आणि स्वाभिमान जागवणाऱ्या चळवळीचे लिबर्टी हॉल हे सभागृह कोठे होते, ती जागा दाखवण्यात आली. अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेली कुटुंबे आणि कॅरिबियन बेटांवरून आलेली कुटुंबे एकाच रस्त्यावर राहत असली तरी त्यांचे उच्चार, खाणेपिणे आणि उपासनेच्या रीती निरनिराळ्या होत्या, हे मार्गदर्शक बाईंनी चर्चच्या दारात पोहोचण्याआधीच इतके नीट समजावून दिले, की पुढे ‘मंडळी’ हा शब्द, मराठी ख्रिस्ती लोक वापरतात त्या, म्हणजे एकत्र उपासना करणारा चर्चचा समुदाय या पूर्ण अर्थाने, मनात उभा राहिला.

चर्चची इमारत हा फेरीचा गाभा आहे आणि तेथे बाईंनी अजिबात घाई केली नाही. अ‍ॅडम क्लेटन पॉवेल (थोरले) १९०८ साली पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, झाले, तेव्हा ही मंडळी शहराच्या मध्यभागी पश्चिम ४०व्या रस्त्यावर भरत असे. कृष्णवर्णीय वस्ती उत्तरेकडे सरकत असल्याचे ओळखून त्यांनी हार्लेममध्ये जागा घ्यायला लावली आणि १९२३ साली सध्याची दगडी, गॉथिक धाटणीची वास्तू उभी राहिली. खर्च सुमारे ३,३५,००० डॉलर झाला. घरकाम करणाऱ्या बायका आणि हमाली करणारे पुरुष ज्या मंडळीत मोठ्या संख्येने होते, तिने उत्पन्नाचा दशमांश देण्याचा नेम धरला आणि १९२८ पर्यंत कर्ज फेडून टाकले. हे ऐकताना त्या भिंतींकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. मंदीच्या काळात याच मंडळीने भुकेल्यांना जेवण दिले. पुढे त्यांचे पुत्र धाकटे पॉवेल यांनी, जेथे कृष्णवर्णीयांना नोकरी मिळत नाही तेथे खरेदी करू नका, अशी मोहीम चालवली. १९४५ साली ते अमेरिकी काँग्रेसमध्ये गेले. नाझींनी १९४५ साली फाशी दिलेले जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर १९३०-३१ मध्ये न्यूयॉर्कला शिकत असताना येथील मुलांना रविवारच्या शाळेत शिकवत, ही माहिती मला नवीन होती.

माझी मुख्य तक्रार अशी की, मंडळीची पहिली शंभर वर्षे जेमतेम चार वाक्यांत उरकली गेली. वास्तविक चर्चचे नावच त्या काळातून आलेले आहे. मंडळी सांगते त्यानुसार १८०८ साली काही आफ्रिकी अमेरिकी भाविकांनी आणि जहाजाने न्यूयॉर्कला आलेल्या इथिओपियाच्या व्यापाऱ्यांनी फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च सोडले, कारण तेथे त्यांना गोऱ्यांपासून वेगळे बसवले जात असे. बॉस्टनचे पाळक थॉमस पॉल यांच्या साहाय्याने त्यांनी अँथनी स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वर्थ स्ट्रीटवर, स्वतःची मंडळी स्थापन केली आणि तिला इथिओपियाचे जुने नाव, अ‍ॅबिसिनिया, दिले. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्णपणे संपली ती १८२७ साली. त्याच्या एकोणीस वर्षे आधीची ही गोष्ट. परदेशी व्यापाऱ्यांनी आणि येथे पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसांनी मिळून एका बाकावर बसण्याचा हक्क मिळवला, हा प्रसंग सविस्तर सांगितला नाही तर १९५४ साली इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांनी या चर्चला इथिओपियन क्रूस का भेट दिला, किंवा २००७ साली येथील सुमारे दीडशे जण इथिओपियाच्या यात्रेला का गेले, याचा उलगडा श्रोत्याला होत नाही. आमच्या फेरीत या दोन्ही घटनांचा उल्लेख झाला, पण त्यांच्यामागचे कारण मला घरी येऊन वाचावे लागले.

एका बाबतीत मात्र मी बाईंचा मनापासून आभारी आहे. गॉस्पेल संगीत, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधील भक्तिगीते, ऐकण्यासाठी पर्यटक रविवारी हार्लेमच्या चर्चमध्ये गर्दी करतात आणि गाणी संपताच उठून जातात. हे त्या लोकांच्या प्रार्थनेचा अवमान करणारे आहे, हे त्यांनी गटातील सर्वांना स्पष्ट शब्दांत सांगितले. उपासनेला जायचे असेल तर नीटनेटक्या कपड्यांत जावे, फोन बंद ठेवावा आणि प्रवचन संपेपर्यंत बसावे, असे माझेही आग्रहाचे सांगणे आहे.

मराठी वाचकांसाठी एक सूचना करावीशी वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमला लागूनच आहे. तेथील लेहमन ग्रंथालयात असलेला त्यांचा अर्धपुतळा पाहायला आपल्याकडचे अनेक जण जातात. तेथून हे चर्च पायी पाऊण तासाच्या आसपास आहे. दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी सहज होतात.

चढ-उतार फारसा नसल्याने वयस्कर माणसांनाही ही फेरी झेपेल, मात्र बसायला मध्ये एकदाच मिळते. वगळलेला भाग भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी आम्ही वर्थ स्ट्रीटला गेलो. तेथे आता न्यायालये आणि सरकारी कचेऱ्या आहेत. तेथून काही मिनिटांवर आफ्रिकन बरीयल ग्राउंड हे, आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या जुन्या दफनभूमीचे, राष्ट्रीय स्मारक आहे, जेथे १९९१ साली बांधकामाच्या वेळी सापडलेले ४१९ जणांचे अवशेष २००३ साली सन्मानाने पुन्हा पुरण्यात आले. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. शक्य असेल तर हार्लेमच्या आधी येथे यावे, म्हणजे कथा जेथून सुरू होते तेथूनच ऐकायला मिळेल.