वायहीच्या खाणीचा काठ की कारांगाहाकेची घळ? हाती एकच दुपार असेल तर

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडहून टौरंगाकडे गाडीने निघालात की पाएरोआ गाव मागे पडतं आणि रस्ता एका अरुंद घळीत शिरतो. ओहिनेमुरी नदी सोबतीला असते, दोन्ही बाजूंना हिरवेगार कडे. ही कारांगाहाकेची घळ. तिथून पंधरा-वीस मिनिटं पुढे वायही लागतं, आणि या गावाच्या भर मध्यात सोन्याची उघडी खाण आहे. दोन्ही ठिकाणी पायवाटा आहेत, दोन्ही फुकट, आणि दोन्ही एकाच सोन्याच्या पट्ट्यातल्या. भारतातून आई-वडील आले, शनिवार-रविवार बाहेर पडायचं ठरलं, की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच: यातलं कुठलं दाखवू?

माझं उत्तर ठरलेलं आहे: एकच जमणार असेल तर वायही. बहुतेक जण घळीच्या बाजूने कौल देतात, कारण ती दिसायला निर्विवाद सुंदर आहे. तरीही मी वायही का म्हणतो, ते सांगतो. कुणासाठी घळच बरी, तेही पुढे येईल.

माझं लहानपण चंद्रपूरकडे गेलं. ओपनकास्ट, म्हणजे उघडी खाण, हा शब्द आमच्याकडे पोराटोरांना येतो. पण कोळशाच्या त्या खाणी आम्ही पाहिल्या त्या लांबून, मातीच्या ढिगाऱ्यांमागून. फाटकाच्या आत जायची सोय नव्हती, आणि खाण ही काय पाहायची गोष्ट आहे, असंही घरात कुणाला वाटत नसे. वायहीत सेडन स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर दुकानं, कॉफीची हॉटेलं, माहिती केंद्र. आणि रस्ता जरा चढून गेलात की जमीन संपते. समोर सुमारे 250 मीटर खोल खड्डा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ कुंपणाला धरून उभा होतो.

या खड्ड्याच्या जागी एकेकाळी टेकडी होती. इथले मूळ रहिवासी असलेले माओरी लोक तिला पुकेवा म्हणत. 1878 मध्ये तिथे सोन्याची गारगोटी सापडली, पुढच्या वर्षी मार्था नावाने हक्काची जागा आखली गेली, आणि टेकडीचं नावही हळूहळू मार्था हिल झालं. आज नाव उरलंय, टेकडी नाही.

काठाने जाणारी पायवाट सुमारे 4 किलोमीटरची आहे आणि फिरून जवळपास निघाल्या जागी आणते. रमतगमत दीड तास धरा. चढ-उतार आहेत, पण दमछाक करणारे नाहीत. सत्तरीतले पण रोज चालायची सवय असलेले आई-वडील ती आरामात करतात, आणि ज्यांना एवढं झेपणार नाही त्यांना गाडीपासून पाच मिनिटांवरच्या कठड्यावरून खाणीचा मोठा भाग दिसतो. ही सोय घळीत नाही. तिथे पाहायचं ते चालल्याशिवाय दिसत नाही.

पण खरं कारण वेगळं आहे. काठावर उभं राहिलं की सोनं काढणं म्हणजे काय, याचा हिशेब डोळ्यांना लागतो. 1952 मध्ये जुनी भुयारी खाण बंद झाली तोवर इथून सुमारे 174 टन सोनं आणि जवळजवळ 1,200 टन चांदी निघाली होती. आपल्या सराफाच्या भाषेत, दहा ग्रॅमचा तोळा धरला तर, पावणेदोन कोटी तोळे. त्यासाठी फोडलेला दगड होता जवळपास 1 कोटी 20 लाख टन. म्हणजे एका टनाला सरासरी दीड तोळा, आणि ही श्रीमंत खाण समजली जात होती! आईच्या हातातल्या बांगड्यांकडे बघून मी हा भागाकार तिथेच केला. त्या दिवशी आम्ही दोघंही त्या खड्ड्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

भुयारांची एकूण लांबी 175 किलोमीटरच्या आसपास होती आणि ती जवळजवळ 600 मीटर खोल गेली होती. एवढं खोल गेलं की पाणी भरतं. ते उपसायला 1904 साली बांधलेलं पंपघर अजून उभं आहे: काँक्रीटचं, तीन मजली, छप्पर नसलेलं, लांबून एखाद्या पडक्या गढीसारखं. आत अवाढव्य वाफेचं इंजिन असे. 1913 मध्ये खाण चालवणाऱ्या कंपनीने वायकाटो नदीवर होराहोरा इथे स्वतःचं जलविद्युत केंद्र उभारून खाणीला वीज आणली. (आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणींना शिवनसमुद्रची वीज 1902 मध्येच मिळाली होती. हे मी तिथे सगळ्यांना सांगतो, आणि अभिमानाने सांगतो.) पंपघराखालची जमीन जुन्या भुयारांमुळे भरवशाची राहिली नव्हती, म्हणून 2006 मध्ये ही आख्खी इमारत, वजन 1,800 टनांहून जास्त, सुमारे 300 मीटर सरकवून आजच्या जागी आणली. सरकवायला तीन महिने लागले. इमारतीच्या अगदी जवळ जाता येतं. भिंतींची जाडी बघा.

काठावर आणखी एक गोष्ट दिसते, ती घळीत झाडीने झाकून टाकली आहे: नुकसान. उघडी खाण 1988 पासून चालू झाली. 2015 मध्ये उत्तरेकडची भिंत घसरली, 2016 मध्ये त्याहून मोठी दरड आली, आणि खाणीत उतरणारा रस्ताच गेला. त्यानंतर खड्ड्यातलं काम थांबलं. आता जे चालतं ते जमिनीखाली. तेव्हा खाली राक्षसी डंपर फिरताना दिसतील अशी आशा मुलांना लावू नका. दरडीची जखम मात्र स्पष्ट दिसते. 2001 मध्ये तर जुनी भुयारं खचून गावातलं एक घरच जमिनीत गेलं होतं. ज्या गावात अजून शाळा भरतात आणि अंगणात कपडे वाळतात, त्याच्या पोटात हे सगळं आहे, हे चालताना कळत राहतं.

माणसांचीही किंमत आहे. 1912 मध्ये इथल्या खाणकामगारांचा संप सहा महिने चालला. 12 नोव्हेंबरला संपकऱ्यांच्या सभागृहावर हल्ला झाला. फ्रेड इव्हान्स नावाच्या कामगाराला त्यात जबर मारहाण झाली आणि त्या जखमांनीच तो गेला. गिरणगावाच्या आठवणी ज्या घरांत आहेत त्यांना हे परकं वाटणार नाही. सेडन स्ट्रीटवरून जाताना हे आठवून जा.

आता घळ. तिथे मी मुलांना घेऊन वारंवार जातो, आणि मुलांचा कौल नेहमी तिच्याच बाजूने पडतो. दोन झुलते पूल ओलांडायचे, खाली नदी दगडांवरून धावत असते. मग वायताफेता नदीच्या कड्यात कोरलेल्या बोगद्यांतून जाणारी ‘विंडोज वॉक’ ही वाट. बोगद्याच्या भिंतीला ठिकठिकाणी मोठी भोकं पाडली आहेत. खाणकामगारांनी फोडलेला टाकाऊ दगड तिथून खाली नदीत लोटला जाई. आज त्याच भोकांतून उजेड येतो आणि कड्याखालचं पाणी दिसतं. वाट लहान आहे, तासाभराची, पण टॉर्च हवाच. मोबाइलच्या उजेडावर भागतं. पण पायाखाली रूळ आणि डबकी असतात, म्हणून डोक्याला लावायचा टॉर्च बरा. अंधारात थोडा वेळ टॉर्च बंद ठेवलात तर छतावर एखाद-दुसरा काजव्यासारखा चमकणारा किडा दिसू शकतो.

घळीचं ऐतिहासिक महत्त्व वायहीपेक्षा कमी नाही, फक्त ते स्वतःहून दिसत नाही. इथलं सोनं दगडात इतकं बारीक विखुरलेलं होतं की पाऱ्याने धरून काढताना बराचसा ऐवज वाया जाई. 1889 मध्ये इथल्या क्राऊन बॅटरीत (बॅटरी म्हणजे खाणीचा दगड कुटून सोनं काढायचा कारखाना) सायनाइडच्या द्रावणात सोनं विरघळवून काढायची नवी पद्धत वापरली गेली. जगभरच्या सोन्याच्या खाणींचं गणित या पद्धतीने पालटलं, आणि प्रत्यक्ष कामावर तिची सुरुवात झाली ती या घळीत. आता तिथे शेवाळलेले चौथरे आणि पाया उरलाय. आणि ही स्वच्छ नितळ वाटणारी ओहिनेमुरी? 1895 मध्ये सरकारने तिला अधिकृतपणे खाणींचा गाळ सोडण्याची वाहिनी ठरवलं होतं. फलक वाचले नाहीत तर यातलं काहीच कळत नाही. सहल छान होते आणि माणूस घरी येतो. माझी तक्रार आहे ती एवढीच.

झुलते पूल हलतात, पायऱ्या आहेत, बोगद्यात डोकं सांभाळावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांना, अंधाराची धास्ती असणाऱ्यांना आणि बाबागाडी असलेल्यांना ही वाट सुचवणार नाही. त्यांच्यासाठी घळीतच जुन्या रेल्वेचा सुमारे 1,100 मीटर लांबीचा बोगदा आहे, 1905 सालचा. रेल्वे 1978 मध्ये बंद झाली, आता तिथून सायकली आणि माणसं जातात. वाट सपाट आहे, आत मिणमिणते दिवे आहेत आणि उन्हाळ्यातही गारवा असतो, म्हणून अंगावर काहीतरी घ्या.

हवामानाचंही बघा. डिसेंबर-जानेवारीत खाणीच्या काठावर सावली थोडीच, आणि न्यूझीलंडचं ऊन आपल्या उन्हापेक्षा फार लवकर भाजतं. टोपी विसरू नका. त्या दिवसांत घळ सुखाची. उलट पाऊस लागून राहिला असेल तर घळीच्या वाटेला जाऊ नका, दरडीमुळे तिथले भाग अधूनमधून बंद होतात. काठावरच्या वाटेचाही एखादा तुकडा बंद असू शकतो, म्हणून वायहीच्या माहिती केंद्रात आधी विचारा. तिथेच तिकीट काढून पाहायचं खाणीचं प्रदर्शन आहे, पावसात तो चांगला पर्याय.

दोघांच्या मधल्या वायकिनोला व्हिक्टोरिया बॅटरीचे अवशेष आहेत. वायहीचा दगड रेल्वेने इथे यायचा आणि 200 लोखंडी मुसळं तो कुटायची. उखळात पोहे कांडल्याचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांनी तो दोनशे पटींनी मनात आणावा. आतली माहिती देणारी फेरी आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच असते.

पूर्ण दिवस मिळाला तर मात्र माझा क्रम बदलतो: सकाळी घळ, दुपारी वायही. अंधारात भिंतीला हात लावत चालून आलात, की नंतर काठावरून समोरच्या कड्यात बारीक काळे चौकोन शोधायला डोळे आपोआप लागतात. ती जुन्या भुयारांची तोंडं आहेत, उघडी खाण खणताना आडवी कापली गेलेली. दुर्बीण असेल तर बरोबर घ्या. माझ्या मुलीने गेल्या वेळी सात मोजली होती.