डिस्नेच्या धावण्याच्या वीकेंडपैकी कोणता निवडावा : काही महिन्यांनंतरचा अनुभव

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डची जानेवारीतील हाफ मॅरेथॉन धावून आता काही महिने उलटले आहेत. उत्साह ओसरला आहे, क्रेडिट कार्डाचे बिलही फिटले आहे, त्यामुळे पैसा, रजा आणि झोप खर्चून नेमके काय मिळाले हे आता शांतपणे लिहिता येईल. मी न्यू जर्सीत राहते, वेगाने धावणाऱ्यांपैकी नाही, आणि याआधी तिथल्याच प्रिन्सेस आणि वाइन अँड डाइन या वीकेंडना धावलेली आहे. नवरा धावत नाही, मुलगी शाळेत आहे; म्हणजे शर्यत माझी आणि सहल सगळ्यांची, अशी आमची विभागणी असते.

रनडिस्ने, म्हणजे डिस्नेचा शर्यती भरवणारा विभाग; त्याच्या फ्लोरिडातील शर्यती चार वीकेंडमध्ये विभागलेल्या आहेत. ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला वाइन अँड डाइन, जानेवारीत मॅरेथॉन वीकेंड, फेब्रुवारीत प्रिन्सेस आणि एप्रिलमध्ये स्प्रिंगटाइम सरप्राइज. पूर्ण मॅरेथॉन फक्त जानेवारीत असते. ती 1994 पासून होते आहे. स्प्रिंगटाइममध्ये हाफ नसते, सर्वांत लांब शर्यत दहा मैलांची, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटरची असते. जाहिरातींत प्रत्येक वीकेंड वेगळ्या रंगाचा दिसतो. माझे मत असे झाले आहे की निवड करताना या रंगांकडे सर्वांत शेवटी पाहावे. जानेवारी आणि फेब्रुवारीच्या हाफचा मार्ग बहुतांशी एकच आहे : पहाटे एपकॉट या पार्कजवळून निघायचे, महामार्गासारख्या रुंद रस्त्याने मॅजिक किंगडम या दुसऱ्या पार्कला पोहोचायचे, मेन स्ट्रीटवरून जाऊन सिंड्रेलाच्या किल्ल्यातून बाहेर पडायचे आणि पुन्हा एपकॉटला परतायचे. किल्ला दिसतो तो क्षण खरोखरच सुंदर असतो, पण एकूण 21 किलोमीटरांपैकी पार्कच्या आतले अंतर थोडेच असते, बाकीचा काळोखातला डांबरी रस्ता. वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा विस्तार सुमारे शंभर चौरस किलोमीटरांचा असल्यामुळे याला इलाज नाही. चारही पार्क पायाखालून घालायचे असतील तर जानेवारीची पूर्ण मॅरेथॉनच धावावी लागते.

माझ्यासारख्या संथ धावकांनी सर्वांत आधी समजून घ्यावा तो वेगाचा नियम. मैलाला सोळा मिनिटे, म्हणजे किलोमीटरला जवळपास दहा मिनिटे, ही किमान गती राखावी लागते. आकडा ऐकून हायसे वाटते, कारण झपझप चालणाराही हाफ साडेतीन तासांत संपवू शकतो. खरी मेख मात्र पुढे आहे. मार्गात ठिकठिकाणी डिस्नेची पात्रे फोटोसाठी उभी असतात, त्यांच्यासमोर रांगा लागतात, आणि रांगेत उभे राहिलात तरी घड्याळ थांबत नाही. गती मोजली जाते ती सर्वांत शेवटचा धावक प्रारंभरेषा ओलांडतो तेव्हापासून; त्या वेगाने शेवटी चालणाऱ्या स्वयंसेविका हातात फुगे घेऊन येतात आणि त्यांच्या मागे पडलेल्यांना बसमध्ये बसवले जाऊ शकते. धावकांना गटागटाने, म्हणजे कॉरलनुसार, सोडतात. पुढच्या कॉरलमधल्याला शेवटच्या धावकाच्या तुलनेत जेवढी आघाडी मिळते, तेवढीच त्याची फोटोंसाठीची शिल्लक असते. म्हणून नोंदणीच्या वेळी आधीच्या एखाद्या अधिकृत शर्यतीची वेळ अवश्य द्यावी. पुढचा कॉरल मिळवण्यासाठी आधी गावातली एखादी हाफ नीट धावून घेणे, ही माझ्या मते या साऱ्या प्रवासातली सर्वांत फायदेशीर तयारी आहे.

झोपेचा हिशेब प्रत्येक वीकेंडला सारखाच. शर्यत पहाटे पाच वाजता सुरू होते, त्याआधी बराच वेळ कॉरलकडे जावे लागते, आणि डिस्नेच्या हॉटेलांतून धावकांच्या बस मध्यरात्रीनंतर काही तासांतच सुटू लागतात. गजर अडीचचा लावावा लागतो. बाहेरचे स्वस्त हॉटेल घेऊन भाड्याच्या गाडीने जाता येते, पण रस्ते बंद असतात आणि पार्किंगकडे जाणारी रांग लांबलचक असते. इतर वेळी मी डिस्नेच्या हॉटेलचा खर्च अनाठायी मानते; शर्यतीच्या वीकेंडला मात्र तो मला पटतो. शिवाय बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावकाचा क्रमांक, स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून, ईएसपीएन वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स या क्रीडा संकुलातील एक्स्पोमधून आदल्या दिवसापर्यंत घ्यावा लागतो, त्यामुळे शर्यतीच्या आदल्या रात्री उशिरा उतरणारे विमान चालत नाही.

हवामानाबाबत ऐकीव माहितीवर विसंबू नये. फ्लोरिडाचा जानेवारी कधी हातमोजे घालायला लावतो, तर कधी पहाटेही घाम फोडतो. 2017 च्या जानेवारीत विजांच्या धोक्यामुळे हाफ रद्द करावी लागली होती. वाइन अँड डाइनची हाफ पूर्वी रात्री असे. 2015 मध्ये वादळामुळे ती आखूड करावी लागली आणि पुढच्या वर्षापासून ती पहाटे आली. न्यू जर्सीच्या डिसेंबरमध्ये गोठलेल्या फुटपाथवर सराव केलेल्या शरीराला ऑर्लँडोची दमट हवा जड जाते, हे मी अनुभवले आहे. उलट मुंबईत सराव करणाऱ्याला नोव्हेंबरची ती हवा परकी वाटणार नाही. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, त्यामुळे तिच्यासाठी वाढवलेले अंतर आठवडाभर आधीच्या डिस्नेलाही लागू पडते. दोन्ही मात्र एका वर्षी करू नयेत. भारतातून येणाऱ्यांनी व्हिसा हातात आल्याशिवाय नोंदणी करू नये, कारण प्रवेश शुल्क परत मिळत नाही आणि बिब दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. हाफचे शुल्कच दोनशे डॉलरांच्या वर जाते आणि त्यात पार्कचे तिकीट नसते. धावताना पार्कमधून गेलात म्हणून नंतर तिथे थांबता येत नाही. नोंदणी बरेच महिने आधी उघडते आणि लोकप्रिय शर्यती त्याच दिवशी भरतात, त्यामुळे त्या सकाळी संगणकासमोर बसण्याची तयारी ठेवावी. एवढ्या पैशांत घराजवळच्या अनेक शर्यती होतील, हा माझ्या नवऱ्याचा हिशेब अगदी बरोबर आहे. केवळ वेळ सुधारण्यासाठी कोणी जात असेल, तर मी त्याला जाऊच नको असे सांगेन. अरुंद वाटांवर गर्दी असते आणि वळणेही पुष्कळ.

सोबत कोण येणार आहे, यावर माझ्या मते अर्धी निवड ठरते. जानेवारीत गुरुवारी पाच किलोमीटर, शुक्रवारी दहा, शनिवारी हाफ आणि रविवारी पूर्ण, अशी रचना असते. हाफ धावणाऱ्याला रविवार कुटुंबासोबत मोकळा मिळतो, हा त्या वीकेंडचा फारसा कोणी न सांगितलेला गुण. इतर वीकेंड शुक्रवारी सुरू होतात आणि लांब शर्यत रविवारी असते, म्हणजे शनिवारी पार्कमध्ये पाय मोडेपर्यंत फिरण्याचा मोह आवरावा लागतो आणि सोमवारची रजा लागते. प्रिन्सेसचे वातावरण मला सर्वांत मनमोकळे वाटले. झगमगत्या स्कर्टमध्ये पहिल्यांदाच धावणाऱ्या कितीतरी बायका तिथे दिसतात, आणि पुरुषांनाही मज्जाव नाही. मात्र फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डे या अमेरिकी सुटीच्या आसपास पार्कमध्ये गर्दी दाटते. वाइन अँड डाइनच्या काळात एपकॉटमध्ये खाद्य महोत्सव चालू असतो, त्यामुळे न धावणाऱ्या माणसालाही करण्यासारखे काहीतरी असते. आमच्या घरी याच वीकेंडला सर्वाधिक मते पडतील.

डोपी चॅलेंजबद्दल थोडक्यात. चार दिवसांत चारही शर्यती, एकूण 48.6 मैल, म्हणजे सुमारे 78 किलोमीटर, आणि सहा पदके. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी तो पूर्ण केला, ते दुपारभर हॉटेलात झोपलेले असत. सोबत लहान मुले असतील तर हा विचार बाजूला ठेवावा.

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडच्या शर्यती 2017 नंतर थांबल्या होत्या, त्या 2024 च्या जानेवारीत पुन्हा सुरू झाल्या. तिथे दोन पार्क समोरासमोर आहेत आणि अनाहाइममधली कितीतरी हॉटेले चालत जाण्याइतकी जवळ आहेत, त्यामुळे बसचा प्रश्नच उरत नाही. पण हाफचा मोठा भाग शहराच्या रस्त्यांवरून जातो. एकाच वर्षात फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया अशा दोन्हीकडे किमान हाफ धावल्यास कोस्ट टू कोस्टचे वेगळे पदक मिळते. केवळ त्या पदकासाठी देशाच्या दोन टोकांची विमानतिकिटे काढणे मला मान्य नाही, पश्चिमेकडे नातेवाईक असतील तर गोष्ट निराळी. डिस्नेलँड पॅरिसचा वीकेंड शरद ऋतूत असतो, आणि आरईआर ए या रेल्वेने पॅरिस शहर जवळ असल्यामुळे थीम पार्कमध्ये रस नसलेल्या सोबत्यांसाठी मला तो सर्वांत सोयीचा वाटतो.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने, सोबत कुटुंब असेल तर, वाइन अँड डाइनची दहा किलोमीटरची शर्यत घ्यावी. ती शनिवारी उजाडता उजाडता संपते, अंगात त्राण शिल्लक राहते, आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत घरच्यांसोबत हॉटेलात परतता येते. पूर्ण मॅरेथॉनचे स्वप्न असलेल्याला जानेवारीखेरीज पर्याय नाही. त्याने गुरुवारच्या आधी पोहोचण्याची घाई करू नये आणि पार्कची तिकिटे सोमवारपासूनची काढावीत.