वायफायचं फर्मवेअर नाही: पेनड्राइव्ह की फोनची केबल?
डेबियन ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना इन्स्टॉलर मध्येच थांबतो आणि वायफायसाठी अमुक फाइल हवी, असं सांगतो. ही फाइल म्हणजे फर्मवेअर, वायफाय कार्डाला चालवणारं छोटं सॉफ्टवेअर. डेबियन ११ पर्यंत हे नेहमीचंच होतं. २०२३ च्या डेबियन १२ पासून बहुतेक फर्मवेअर अधिकृत इमेजमध्येच, म्हणजे इन्स्टॉलरच्या फाइलमध्येच येतं. तरी काही जुने लॅपटॉप अजूनही अडतात.

पेनड्राइव्हचा मार्ग असा: दुसऱ्या संगणकावर फर्मवेअरचं योग्य पॅकेज उतरवून पेनड्राइव्हवर ठेवायचं आणि इन्स्टॉलरला दाखवायचं. इंटेलच्या कार्डांना हे छान चालतं, नेटही लागत नाही. मात्र नेमकं पॅकेज आधी ओळखावं लागतं.

मी आधी फोनच जोडून बघायला सांगेन. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने संगणकाला देणं) सुरू केलं, की लिनक्सला तो तारेचं नेटवर्क वाटतो आणि त्याला वेगळं फर्मवेअर लागत नाही. बऱ्याच फोनवर घरचं वायफायही असंच पुढे देता येतं, म्हणजे मोबाइल डेटा वाचतो. केबल फक्त चार्जिंगची नाही ना, एवढं पाहा. आयफोनचं मात्र इन्स्टॉलरमध्ये इतकं सहज जमत नाही.

खरा फरक ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांवर कळतो. त्यांचं फर्मवेअर वाटायचा परवाना डेबियनकडे नाही. या चिपांच्या 'बी४३' ड्रायव्हरसाठीचं पॅकेज बसवतानाच ते फर्मवेअर नेटवरून उतरवतं. नुसतं ते पॅकेज पेनड्राइव्हवर नेऊन काहीच साधत नाही. तिथे फोनच्या नेटवर आधी सिस्टिम पूर्ण बसवा, मग टेदरिंग चालू ठेवूनच हे पॅकेज टाका.