मुद्दाम आवाज करणाऱ्या शेजाऱ्याविरुद्ध वकील केला, पैसे वसूल झाले का?

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार. एक स्टार कापलाय तो फोन न उचलण्याबद्दल आणि बाहेरच्या बाकड्यावर बसवून ठेवण्याबद्दल, कामाबद्दल तक्रार नाही. वकील साहेबांचं नाव टाकत नाही कारण मॅटर अजून पूर्ण मिटलेलं नाही आणि शेजारी पण मोबाईल वाचतातच की. ऑफिस जुळे सोलापूरात आहे एवढं पुरे.

मॅटर काय तर आमचं रो-हाऊस, मधली भिंत कॉमन. गाडी लावण्यावरून शेजारच्यांशी वाजलं आणि त्या दिवसापासून त्यांनी आमच्या बेडरूमच्या भिंतीला वूफर चिकटवून ठेवला, रात्री अकरा वाजले की धडधड सुरू. बुलेटचा सायलेन्सर बदललेला, ती आमच्या गेटसमोर उभी करून रेस करत बसायचं. आणि हे दोन्ही नसेल त्या रात्री गच्चीवर लोखंडी पलंग ओढायचा, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आता सोलापूरकर माणूस आवाजाला भिणारा नाही बघा. पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात पिढ्यानपिढ्या लोक झोपलेत, सिद्धेश्वर यात्रेतल्या गड्ड्याची गर्दी, जयंत्या, मिरवणुका सगळं आपल्याला सवयीचं, आपणच नाचतो त्यात. पण हा आवाज खास आपल्यासाठी काढलाय हे कळलं की झोप उडते, मग तो कितीका बारीक असेना. त्यात एप्रिल-मे मध्ये खिडक्या लावून घ्यायची सोय नाही इथं.

सल्ल्याची फी पाचशे रुपये. मला वाटलं होतं साहेब लगेच कलमं सांगतील, पण त्यांनी पहिलं विचारलं, "आवाज कशाकशाचा होतो ते वेगवेगळं सांगा." मी म्हटलं सगळाच त्रास आहे ओ. तर म्हणाले, स्पीकरचा रस्ता वेगळा, गाडीचा वेगळा आणि पलंगाचा वेगळा, सगळं एका अर्जात कोंबलं की कुठलाच धड चालत नाही. पाचशे रुपये माझ्या मते इथंच वसूल झाले, कारण तोपर्यंत मी चौकीत जे तोंडी सांगत होतो ते ऐकून समोरच्याला पण कळत नसणार नक्की कारवाई करायची कशावर. तिथलं उत्तर ठरलेलं, "मालक, आपसात मिटवून घ्या की."

स्पीकरला २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम लागतात. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. हे बऱ्याच जणांना माहिती असतं. माहिती नसतं ते पुढचं. रात्री स्पीकरला बंदी आहे पण बंद जागेतल्या वापराला सूट आहे, म्हणून शेजारी म्हणू शकतो मी माझ्या घरात दार लावून ऐकतोय, तुमचं काय जातंय. त्यावर त्याच नियमात तोड आहे, खाजगी जागेतल्या साऊंड सिस्टीमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. म्हणजे रात्री ५०. आमची तर हद्दच ती भिंत. मोबाईलमधल्या ॲपवर मी मोजलं होतं ते बघून साहेब हसले, म्हणाले हे तुमच्या समाधानासाठी ठीक, कोर्टात मोबाईलच्या माईकवर कोण भरवसा ठेवणार, पोलिसांना त्यांच्या मीटरने मोजायला लावा आणि तसा लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

शिक्षेच्या बाबतीत यूट्यूबवर अजून "पाच वर्षं जेल" चालू आहे. ते जुनं झालं. पर्यावरण संरक्षण कायद्याचं कलम १५ जनविश्वास कायद्याने बदललंय, आता कैद नाही, १० हजार ते १५ लाख दंड आहे. आणि भारतीय न्याय संहितेतलं सार्वजनिक उपद्रवाचं कलम २९२, त्यात दंड जास्तीत जास्त हजार रुपये आणि तो उपद्रव पण सार्वजनिक पाहिजे, एका भिंतीच्या भांडणात ते ओढूनताणून बसवावं लागतं. मी म्हटलं मग नोटिशीत जेलची भीती घाला ना थोडी. साहेबांनी साफ नाही सांगितलं, जे होणार नाही ते लिहिलं की समोरचा वकील पहिलं तेच उचलतो म्हणे. हे मला आवडलं. दुसऱ्या एका ठिकाणी फोनवर चौकशी केली होती तिथं पन्नास लाखाची नुकसानभरपाई मागू म्हणत होते, ऐकूनच घाम फुटला.

रात्रीच्या रात्री आवाज थांबवायचा असेल तर पोलिसांना ११२ वर फोन. तक्रारदाराचं नाव उघड होईल म्हणून आमच्या घरात सगळे घाबरत होते, तर मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये लाऊडस्पीकरच्या केसमध्ये सांगितलंय की तक्रार करणाऱ्याची ओळख समोरच्याला सांगायची नाही. अर्थात आमच्या केसमध्ये भिंतीला भिंत लागून दोनच घरं, नाव लपवून कुणाला फसवणार. त्यापेक्षा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १४९ च्या नोटिशीचा सल्ला कामाचा होता, ती आता नवीन कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १६८ झालीय. पोलीस समोरच्याला लेखी समज देतात आणि ती फाईलला लागते. लोक अजून १४९च म्हणतात, चौकीत पण.

बुलेटचं एका वाक्यात संपलं. मोटार वाहन कायदा कलम १९०(२), दहा हजारापर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने बाद होऊ शकतं, गाडीचा नंबर दिसेल असा व्हिडिओ काढा आणि ट्रॅफिकला द्या.

खरी गंमत पलंगाची. पलंग ओढायला कुठला नियम लावणार, डेसिबल मीटर लावेपर्यंत तो थांबलेला असतो, आणि स्वतःच्या गच्चीवर स्वतःचा पलंग सरकवणं हा गुन्हा कसा. मी इथंच हात टेकले होते. साहेबांनी मग चहा मागवला आणि १८९३ ची इंग्लंडची केस सांगितली, क्रिस्टी विरुद्ध डेव्ही. एका घरात संगीताच्या शिकवण्या चालायच्या, त्याचा राग येऊन शेजारी भिंत बडवायचा, ताटं आपटायचा, शिट्ट्या मारायचा. कोर्टाने शिकवणीवाल्यांच्या बाजूने मनाई हुकूम दिला, आणि न्यायाधीशांनी स्पष्ट म्हटलं की दोन्ही बाजू निष्पाप असत्या तर मी वेगळा विचार केला असता, पण हा आवाज त्रास देण्यासाठीच केलेला आहे. आपल्याकडे खाजगी उपद्रवाच्या दाव्याला इंग्लंडच्या असल्या जुन्या निकालांचा आधार घेतात. म्हणजे दिवाणी कोर्टात 'मुद्दाम' हा मुद्दा धरता येतो, फक्त तो शाबित करावा लागतो. मग कायमच्या मनाईचा दावा आणि त्यातच तात्पुरत्या मनाईचा अर्ज. हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद पण होऊ शकते, त्या हजार रुपये दंडापेक्षा हे कितीतरी वजनदार.

शाबित कसं करायचं तर वही. तारीख, वेळ, कसला आवाज, किती वेळ, त्याआधी काय घडलं. हे शेवटचं महत्त्वाचं. आमच्या वहीत सरळ दिसतं, ज्या दिवशी आमच्याकडे पाहुणे किंवा मुलीचा पेपर, त्या रात्री पलंग हमखास. रेकॉर्डिंग ज्या मोबाईलवर केलं तो मोबाईल विकायचा किंवा रिसेट करायचा नाही, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, सर्टिफिकेट लागतं त्याला. आणि कॅमेरा त्यांच्या खिडकीकडे वळवायचा नाही, उलटी केस पडायची.

नोटिशीचे अडीच हजार वेगळे. पहिला ड्राफ्ट इंग्रजीत आला, तो मी परत पाठवला, शेजारच्या काकांना मराठीत कळलं पाहिजे ना काय म्हणतोय ते. मराठीत करून द्यायला मात्र फार वेळ लावला आणि त्या काळात फोन केला की "कोर्टात आहे" एवढाच मेसेज. ड्राफ्ट आला तो चांगला होता, दोन पानं, शिवीगाळ नाही, तारखा वहीतल्या.

अजून एक गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली जी दुसऱ्या कुणी सांगितली नसती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील फुकट मिळतो, बाई अर्जदार असेल तर उत्पन्नाची अट पण नाही, म्हणजे आमच्या मंडळींच्या नावाने अर्ज करता आला असता. १५१०० हा हेल्पलाइन नंबर. दावा टाकायच्या आधी समेटासाठी पण तिथं बोलावून घेतात, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकुमासारखीच, वर अपील नाही. अडचण एकच, समोरचा यायला पाहिजे. आमचे काका येतील असं वाटत नाही, पण नोटिशीनंतर काय सांगावं.

रिझल्ट विचाराल तर वूफर रात्रीचा बंद झालाय. दिवसा वाजतो, वाजू दे. बुलेट आता कोपऱ्यावर जाऊन रेस होते. पलंग अजून सरकतो, पूर्वीइतका नाही, आणि सरकला की आमची मंडळी आता चिडायच्या ऐवजी उठून वही काढते. मनाईच्या दाव्याची कागदं तयार ठेवलीत पण टाकायची घाई करू नका असं साहेबच म्हणतात, दावा म्हटलं की वर्षं जातात आणि शेजार काही बदलता येत नाही.

ज्यांना फक्त दम भरणारी नोटीस पाहिजे त्यांनी इथं जाऊ नका, तसं ते लिहून देत नाहीत. जायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर जा, वही आणि चौकीच्या अर्जाच्या पोचेची झेरॉक्स घेऊन जा, नाहीतर त्यासाठी परत घरी पाठवतात. जिना अरुंद आहे, म्हातारं माणूस बरोबर असेल तर खालीच बसवा. पेमेंट फोन पे चालतं, पावती मागितली तरच देतात.